घरातली बोली, दारातली भाषा

“तुमचं मराठी किती छान आहे हो!”

हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. एसटीत शेजारी बसलेल्या बाईंकडून, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत, पुण्यात भाड्याचे घर पाहायला गेल्यावर. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, कौतुकच असते. आपणही हसून मान डोलावतो. पण घरी आल्यावर ते शब्द चपलेतल्या खड्यासारखे टोचत राहतात. ज्यांचे आजे-पणजे याच मातीत ज्वारी पेरत आले, ज्यांच्या सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर आणि दहावीच्या निकालावर मराठीच छापलेली आहे, त्यांना त्यांच्याच भाषेबद्दल शाबासकी का मिळावी?

आम्ही मोहोळची माणसे. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. पंढरपूरचा रस्ता इथूनच फुटतो. मराठीत ‘मोहोळ’ म्हणजे मधमाश्यांचे पोळे. एकाच पोळ्यात मधही असतो आणि डंखही, हे गावाच्या नावातच आहे म्हणायचे. आमच्या तालुक्याच्या नकाशावर नजर फिरवा. नरखेड, पेनूर, कुरुल या गावांच्या रांगेत टाकळी सिकंदर आणि भीमाकाठचे बेगमपूरही दिसेल. ही नावे उच्चारताना कुणाची जीभ अडखळत नाही आणि ती परकी आहेत असे कुणाला वाटतही नाही. गावांच्या नावांना जे सहज जमले, ते माणसांच्या नावांना का जमू नये, हा प्रश्न अधूनमधून मनात येतो. या लेखात मात्र तक्रारीचा पाढा वाचायचा नाही. आपण घरात कसे बोलतो, कुणाशी कोणत्या भाषेत प्रेम करतो, आणि पुढच्या पिढीच्या ओठी यातले काय उरणार, याचा जरा शांतपणे विचार करायचा आहे.

एका घरात दोन बोली

आमच्याकडे सकाळ दखनीत उजाडते. दादी अंगणातून हाक मारते तीच मुळी “नक्को रे, उधर नक्को जाव” अशी. अम्मी स्वयंपाकघरातून ओरडते, “कालवन उतू गया!” आणि त्याच क्षणी दारात दूधवाला आला की तीच अम्मी अस्खलित सोलापुरी मराठीत त्याचा मागचा हिशेब काढते. तिला आपण भाषा बदलली हे कळतही नाही. उंबरठ्याच्या आत एक, बाहेर एक, आणि दोन्ही तिच्याच.

या दखनीला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. शुद्ध उर्दूवाल्यांना ती गावंढळ वाटते, शुद्ध मराठीवाल्यांना ती ‘हिंदी’ वाटते. खरे पाहता तिच्यात महाराष्ट्र मुरलेला आहे. ‘नक्को’ हे आपले ‘नको’च. ‘मेरेकूच’, ‘ऐसाच’ यांतला शेवटचा ‘च’ थेट मराठीतून आलेला आहे. देवाणघेवाण एकतर्फीही नाही. बाजार, दुकान, हिशेब, खर्च, जमीन, तारीख, वकील, अर्ज, तालुका, जिल्हा हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे रुळले की त्यांच्याशिवाय कचेरीचे आणि बाजाराचे पान हलत नाही. आठवडी बाजारात भाव करणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या तोंडी दोन्हीकडचे शब्द एकत्रच नांदत असतात. शब्दांनी कधीच सोयरीक जमवली आहे. माणसेच अजून पत्रिका पाहत बसली आहेत.

कुरआनच्या सूरह रूममध्ये लागोपाठ दोन आयती येतात. एकविसाव्या आयतीत पती-पत्नीच्या नात्याचा उल्लेख आहे. अल्लाहने तुमच्यातूनच तुमचे जोडीदार निर्माण केले, त्यांच्यापाशी तुम्हाला शांती मिळावी म्हणून, आणि तुमच्यात प्रेम व दया ठेवली, असा तिचा आशय आहे. तिच्या पाठोपाठची बाविसावी आयत तुमच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी असल्याचे सांगते. आधी प्रेम, लगेच भाषा. दोन्ही निशाण्याच, दोन्ही शेजारी-शेजारी. आपल्या घरातही त्या अशाच एकमेकींना लागून असतात.

प्रेम कोणत्या भाषेत करायचे?

आपल्या मागच्या पिढीतल्या नवरा-बायकोंनी एकमेकांना नावाने हाक मारली नाही. “अजी सुनते क्या” किंवा “अमक्याचे अब्बा” एवढ्यावर चाळीस-चाळीस वर्षांचे संसार झाले. प्रेम नव्हते असे नाही, ते बोलले जात नव्हते. शेतावरून येताना टॉवेलात बांधून आणलेला कोवळा हुरडा, बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी सोलापूरहून आणलेले तेल, आजारी नवऱ्याच्या उशाशी रात्रभर पुटपुटलेली दुआ, ही त्यांची प्रेमपत्रे होती.

त्यांचे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. त्या न बोलण्याची किंमत बहुतेक वेळा बायकांनी मोजली. बाहेर मित्रांत मोठमोठ्याने हसणारा माणूस घरात पाऊल टाकताच गप्प होतो, आणि बोललाच तर “पाणी आण”, “मीठ कमी आहे” एवढेच बोलतो. दिवसभर राबलेल्या बाईला “आज दमलीस का गं?” हे चार शब्द मिळत नाहीत. हे आपल्या घराघरांत आहे आणि त्याला दीनचा आधार मुळीच नाही. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) घरी काय करीत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. तुमच्यातला उत्तम तो, जो आपल्या घरच्यांशी उत्तम वागतो, हीही त्यांचीच शिकवण. मशिदीच्या पहिल्या सफमध्ये उभे राहणाऱ्याने घरातल्या मोरीजवळची भांडी एकदा उचलून ठेवली तर त्याची शान कमी होत नाही.

आजची जोडपी मोबाईलवर दिवसातून दहा वेळा बोलतात, हृदयाची चित्रे पाठवतात. तेही चांगलेच आहे. पण रुसवा काढायचा, सासूबद्दलची सल सांगायची, नोकरी गेल्याची भीती बोलून दाखवायची, तर चित्रे पुरत नाहीत. तिथे आईकडून आलेली बोलीच लागते. ज्या भाषेत आपण लहानपणी रडलो, त्याच भाषेत मोठेपणी मन मोकळे होते.

ओवीपासून शाहिरीपर्यंत

मराठी ही आपल्याला शाळेने शिकवलेली परकी भाषा आहे, असे आपल्याच काही लोकांना वाटते. त्यांनी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. शाहीर अमर शेख १९१६ साली बार्शीत जन्मले. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांची आई मुनेरबी जात्यावर मराठी ओव्या गायची, आणि लेकाच्या गळ्यात मराठी उतरली ती तिथून. पुढे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी गावोगाव जागवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज लाखोंच्या सभांतून घुमला. १ मे १९६० रोजी जे राज्य उभे राहिले, त्याच्या पायात मुनेरबीच्या जात्याची घरघरही आहे.

सोलापूरचे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवत. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर १२ जानेवारी १९३१ रोजी कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. चौघांची नावे सोलापूरकर आजही एका दमात घेतात.

आणखी मागे गेले तर श्रीगोंद्याचे शेख महंमद भेटतात. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ सतराव्या शतकातला आणि मराठीतला आहे. त्यांच्या विचारांतल्या प्रत्येक गोष्टीशी आपण सहमत असू असे नाही, पण मुसलमान घरात मराठी किती जुनी आहे याची साक्ष त्यातून मिळते. आणि अगदी अलीकडचे पाहायचे तर पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली भरले, तेही सोलापुरातच. फ. म. शहाजिंदे त्याचे अध्यक्ष होते. आपले जगणे आपल्या शब्दांत मांडण्यासाठी वेगळा मांडव घालावा लागला, याची खंत वाटावी की अभिमान, हे ज्याने-त्याने ठरवावे. मांडव घातला गेला हे बरे झाले.

वाटी रिकामी परत जात नसे

आमच्या गल्लीत एक अलिखित नियम होता. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. संक्रांतीला तिळगूळ आला त्या वाटीतून ईदचा शिरखुर्मा जायचा. पुरणपोळी आली त्या ताटलीतून मोहरमचे चोंगे जायचे. शेजारच्या काकू शाकाहारी आहेत हे ठाऊक असल्याने बकरी ईदला त्यांच्याकडे फक्त शेवयांचा डबा जाई. हे कुणी कुणाला शिकवले नव्हते. रस्सा करताना त्यात थोडे पाणी वाढवा आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, ही प्रेषितांची शिकवण हदीसमध्ये आहे. आमच्या दादींना हदीसचा हवाला माहीत नव्हता, पण कालवणात पाणी वाढवणे माहीत होते.

अलीकडे वाटी मधेच कुठेतरी अडते. बंद दारांच्या सोसायट्या झाल्या, हे एक कारण. मोबाईलवर रोज येणारा विखार, हे दुसरे आणि मोठे कारण. समोर राहणाऱ्या माणसाला आपण वीस वर्षे ओळखतो, पण त्याच्याबद्दलचे मत कुठल्या तरी अनोळखी माणसाने पाठवलेल्या चित्रफितीवरून बनवतो. हे दोन्ही बाजूंनी होते. मुलगा शिकायला शहरात गेला की नाव ऐकताच खोली ‘कालच गेली’ असे सांगितले जाते. तो घरी फोन करून हे हसत हसत सांगतो, आणि त्याची अम्मी त्या रात्री जेवत नाही.

यावर रुसून दार लावून घेणे सोपे आहे. पण दार लावले की वाटीही थांबते, आणि वाटी थांबली की आपल्याबद्दल सांगणारा फक्त तो अनोळखी माणूस उरतो. म्हणून पुढाकार आपण घ्यावा. मराठी येत असलेल्या माणसाने गप्प बसू नये. रमजान म्हणजे काय, मेहर का देतात, आपल्या घरात मुलीच्या जन्माचा आनंद कसा होतो, हे शेजारच्या वहिनींना त्यांच्याच, म्हणजे आपल्याच, भाषेत सांगणे हे मोठे काम आहे. त्यांचेही तितकेच मनापासून ऐकून घ्यावे.

बयान आणि अर्ज

थोडे नाजूक बोलायचे आहे. जुम्याच्या नमाजआधीचे बयान बहुतेक ठिकाणी उर्दूत होते. उर्दू आपली लाडकी भाषा आहे, तिच्यात दीनचा मोठा खजिना आहे, तिला सोडा असे कुणीच म्हणणार नाही. पण मराठी शाळेत शिकलेल्या पोरांना त्यातले किती कळते? शेवटच्या रांगेत बसलेल्या मुलांचे डोळे पाहा, उत्तर मिळेल. प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्याच भाषेत पाठवले, म्हणजे त्याने त्यांना स्पष्ट करून सांगावे, असे सूरह इब्राहीममध्ये आले आहे. हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना तर प्रेषितांनी यहुद्यांची पत्रे वाचता-लिहिता यावीत म्हणून त्यांची लिपी-भाषा शिकायला सांगितले होते. मग आपल्याच लोकांच्या भाषेत दहा मिनिटे बोलायला संकोच कशाचा?

दुसरी बाजू हक्कांची. १९६४च्या राजभाषा कायद्याने राज्याचा कारभार मराठीत चालतो. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, जमिनीची नोंद, विधवेचे निवृत्तिवेतन, सगळ्याची दारे मराठीतून उघडतात. मोहोळच्या तहसील कचेरीत आपल्या आयाबाया अजूनही दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेतात, आणि अर्ज लिहून देणाऱ्याला घरातली सगळी अडचण सांगावी लागते. ज्या घरात मुलगी शिकली, तिथे हे चित्र बदलले. ती अब्बांना मागे बसवून खिडकीवर स्वतः बोलते. दहावीनंतर तिची शाळा सोडवण्याआधी प्रत्येक बापाने हा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा.

मुलांच्या तोंडी काय उरणार?

आता खरी काळजी वेगळीच आहे. आपली मुले इंग्रजी शाळेत जातात. जावीत. पण दादीची दखनी त्यांना लाजिरवाणी वाटते, मराठीचे पुस्तक अवघड वाटते आणि उर्दूची ओळख अलिफ-बे पुढे सरकत नाही. तीन भाषांच्या घरात वाढलेले मूल एकाही भाषेत पोटभर रडू-हसू शकणार नसेल, तर आपण त्याला दिले काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सुमारे एक कोटी तीस लाख लोक मुस्लिम होते. त्यांतल्या असंख्य घरांत ही अभिजात भाषा रोज वापरली जाते. तेव्हा तो मान आपलाही आहे.

उपाय मोठे नाहीत. इशाच्या नमाजनंतर अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून दादीला तिच्या लहानपणाविषयी विचारावे. तिचे शब्द मुलांनी वहीत उतरवावेत, दखनीतलेही आणि मराठीतलेही. घरात एक मराठी मासिक, कुरआनचा एक मराठी तर्जुमा आणि मुलांसाठी गोष्टींची चार पुस्तके असावीत. नवऱ्याने बायकोला दिवसातून एकदा तरी विचारावे, आज कशी आहेस. आणि या आठवड्यात काही गोड केले, तर एक वाटी भरून शेजारी पाठवावी.

अल्लाह आपल्या घरांत प्रेम ठेवो आणि जिभेवर गोडवा. आमीन.