रिपोर्ट नॉर्मल, थकवा मात्र कायम

आठ तास झोप होऊनही सकाळी उठताना अंगात त्राण नसते. पोळ्या लाटून होईपर्यंत बसावेसे वाटते. दुपारी ऑफिसमध्ये एकच ओळ तीनदा वाचावी लागते. असे महिनोन्महिने चालले की माणूस डॉक्टरांकडे जातो आणि रक्त तपासून घेतो. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंडे, सारे काही ठीक निघते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजीचे कारण नाही,’ हे ऐकून क्षणभर हायसे वाटते. पण मग हा थकवा कशाचा, हा प्रश्न तसाच राहतो. घरचे म्हणतात, ‘मनावर घेऊ नकोस.’ शेजारी म्हणतात, ‘रोज फिरायला जा.’ हळूहळू रुग्णाला स्वतःच्याच त्रासाविषयी शंका येऊ लागते.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ज्या आजारांसाठी तपासणी केली, ते बहुधा नाहीत, एवढेच नॉर्मल रिपोर्ट सांगतो. आजारच नाही, असे तो सांगत नाही.

जे तपासलेच नाही

सर्वांत साधे उदाहरण लोहाचे. लोह कमी पडू लागले की शरीर आधी साठवलेले लोह वापरते. हिमोग्लोबिन उतरते ते अगदी शेवटी. त्यामुळे हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही साठा रिकामा असू शकतो. तो कळतो फेरिटिन या तपासणीतून. फ्रान्समध्ये ॲनिमिया नसलेल्या, पण थकलेल्या आणि फेरिटिन ५० पेक्षा कमी असलेल्या १९८ स्त्रियांवर एक अभ्यास झाला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ आठवडे लोहाची गोळी घेणाऱ्यांचा थकवा सुमारे ४८ टक्क्यांनी, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाला. मात्र शरीरात दाह असेल तर फेरिटिन वाढलेले दिसते. म्हणून या आकड्याचा अर्थ डॉक्टरांनीच लावावा आणि गोळ्या मनाने सुरू करू नयेत.

शाकाहारी व्यक्तींमध्ये, तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी असण्याची शक्यता असते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्याआधी ते सांगायला हवे. ॲलर्जी, रक्तदाब किंवा झोपेच्या काही औषधांनीही मरगळ येते.

काही कारणे रक्तात दिसतच नाहीत. झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, हे त्यातले ठळक कारण. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, दचकून जागे होणे हे रुग्णाला कळत नाही. शेजारी झोपणाऱ्याला कळते. नैराश्यातही विलक्षण थकवा येतो आणि त्यावर उपचार आहेत. पण ते लक्षणे विचारून ठरवायचे निदान आहे. बाकी काही सापडले नाही म्हणून चिकटवायची ती चिठ्ठी नव्हे.

थकवा कशानंतर वाढतो?

एवढे पाहूनही उत्तर मिळाले नाही, तर एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो: श्रम केल्यावर पुढच्या एक-दोन दिवसांत काय होते? साधा थकवा विश्रांतीने उतरतो. काही रुग्णांचे मात्र उलटे असते. लग्नघरी दिवसभर उभे राहिले, बाजारहाट केला किंवा हिशेबाचे काम डोके लावून संपवले की त्या दिवशी निभावून जाते. पण १२ ते ४८ तासांनी ते अंथरुणाला खिळतात. अंग दुखते, डोके चालत नाही, आवाज आणि उजेड सहन होत नाही. यातून सावरायला दिवस, कधी आठवडे लागतात.

श्रमानंतरची ही घसरण हे मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम या आजाराचे मुख्य लक्षण आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये त्याचे निकष मांडले. सहा महिन्यांहून अधिक काळ थकव्यामुळे कामाची क्षमता खूप घटलेली असणे, श्रमानंतर घसरण होणे, झोपूनही ताजेतवाने न वाटणे आणि त्याबरोबर स्मरण-एकाग्रतेत अडचण किंवा उभे राहिल्यावर त्रास वाढणे, असे ते निकष आहेत. हा आजार अनेकदा एखाद्या संसर्गानंतर सुरू होतो. कोविडनंतरही अनेकांमध्ये हेच चित्र दिसले आहे. त्याची खात्रीची रक्तचाचणी अजून नाही. म्हणूनच निदानाची भिस्त रुग्णाच्या सांगण्यावर असते.

त्या सांगण्यावर विश्वास न ठेवण्याचा इतिहास जुना आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात सुमारे ३०० जण अशाच आजाराने पडले. त्यात बहुसंख्य कर्मचारी होते. रुग्णालय काही महिने बंद ठेवावे लागले. १५ वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी रुग्णांना न तपासता, जुन्या नोंदी पाहून याला सामूहिक उन्माद ठरवले. रुग्णांपैकी बहुतेक स्त्रिया होत्या, हाही त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता.

व्यायाम वाढवा, हे सर्वांसाठी नाही

निदान चुकले तर सल्लाही चुकतो. ‘थोडा थोडा व्यायाम वाढवत न्या’ हा सल्ला अनेकांना उपयोगी पडतो. पण ज्यांना श्रमानंतर घसरण होते, त्यांची प्रकृती त्याने बिघडू शकते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्य संस्थेने २००७ मध्ये हा उपाय सुचवला होता. २०२१ च्या नव्या मार्गदर्शनात या रुग्णांना ठरावीक क्रमाने वाढता व्यायाम देऊ नये, असे सांगितले. त्याऐवजी शक्तीचा अंदाज घेऊन काम वाटून करायचे असते. म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरायचे. बरे वाटले म्हणून एका दिवसात साचलेली सगळी कामे उरकायची नाहीत. या आजारावर हमखास औषध नाही. पण झोप, वेदना आणि उभे राहिल्यावर होणाऱ्या त्रासावर उपचार करता येतात.

डॉक्टरांकडे जाताना

‘खूप थकवा येतो’ एवढ्या वाक्यावरून फारसे निष्पन्न होत नाही. दोन आठवड्यांची साधी वही ठेवावी: झोप किती, काम कोणते, त्रास कधी वाढला, किती दिवस टिकला. पूर्वी जमत असलेली आणि आता न जमणारी कामे लिहावीत. सर्व औषधे, आयुर्वेदिक आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांसह, दाखवावीत. उभे राहिल्यावर चक्कर किंवा धडधड होत असेल, तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर १० मिनिटे नाडी व रक्तदाब मोजायला सांगावे. प्रौढांमध्ये नाडी मिनिटाला ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर पुढील तपासणी हवी.

वजन घटणे, रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम, गाठ, रक्तस्राव, धाप किंवा छातीत दुखणे यांपैकी काही असेल, तर वही भरण्यात वेळ न घालवता लगेच तपासणी करावी. जगणे नकोसे वाटत असेल तर तेही त्याच दिवशी सांगावे.

आणि घरच्यांनी? निदान व्हायला महिने लागू शकतात. तोपर्यंत ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना?’ असे विचारण्याऐवजी ‘आज कोणते काम मी करू?’ असे विचारले, तरी रुग्णाची थोडी शक्ती वाचते.