गुलाबाची झोप

हस्ताचा पाऊस सरतो, कोजागिरीच्या आसपास आकाश निवळते आणि महाराष्ट्रातला गुलाबाचा जुना बागाईतदार खुरपे घेऊन वाफ्यात उतरतो. झाडांचे पाणी त्याने आधीच तोडलेले असते. बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने बाजूला करून तो वरच्या मुळ्या उघड्या करतो आणि आठ-दहा दिवस त्यांना ऊन-वारा लागू देतो. पाने पिवळी पडून गळू लागतात. मग छाटणी, शेणखत, मातीची भर आणि पहिले पाणी. उद्यानविद्येच्या पुस्तकांत या कामाला ‘विंटरिंग’ असे नाव आहे. म्हणजे झाडाला हिवाळा दाखवणे.

त्याच दिवसांत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गुलाब लावणारा माणूसही कुदळ घेऊन बागेत असतो. तो झाडाच्या फांद्या सुतळीने बांधतो, शेजारी एक चर खणतो, दुसऱ्या बाजूच्या मुळ्या सैल करतो, झाड हळूहळू चरात आडवे करतो आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत मातीखाली पुरून टाकतो. त्यावर पुढे वाळक्या पानांचा जाड थर येतो. ते झाड एप्रिलमध्येच पुन्हा उजेड पाहते. या पद्धतीला त्या राज्याच्या नावावरून ‘मिनेसोटा टिप’ म्हणतात.

एक जण मुळ्या उघड्या करतो, दुसरा शेंडासुद्धा झाकतो. वरवर ही कामे एकमेकांच्या उलट आहेत. पण दोघांनाही झाडाला झोपवायचेच आहे. मिनेसोटात झोप निसर्ग देतो; ती मध्येच मोडू नये एवढे माणसाने पाहायचे. आपल्याकडे निसर्ग ती पुरती देत नाही, म्हणून माणसाला ती घडवावी लागते. हे एकदा ध्यानात आले की थंड मुलखातला गुलाब कसा राखतात ते समजते आणि आपण आपल्या गुलाबाशी काय करतो तेही समजते.

आधी एक समज बाजूला ठेवावा लागेल. थंडीपासून राखायचे म्हणजे ऊबदार ठेवायचे, असे आपल्याला वाटते, कारण आपण स्वतःवरून झाडाचा विचार करतो. आपल्या अंगात उष्णता तयार होते आणि गोधडी ती बाहेर जाऊ देत नाही. गुलाबाच्या काडीत अशी उष्णता नसते. उणे वीस अंशांच्या हवेत काडीला कितीही जाड कापड गुंडाळले तरी काही वेळाने आतही उणे वीसच होणार. त्या मुलखात ऊब असते ती जमिनीत. उन्हाळ्यात तापलेली खोल माती ती हळूहळू वर सोडत राहते. म्हणून खरे पांघरूण ते, जे जमिनीला टेकलेले असते आणि जमिनीची ऊब धरून ठेवते: माती, पालापाचोळा आणि भुसभुशीत बर्फ. फूटभर बर्फाच्या थराखाली जमिनीचे तापमान शून्याच्या आसपास राहते, वर हवा कितीही गोठलेली असो. ज्या वर्षी थंडी कडक आणि बर्फ थोडा, ते वर्ष गुलाबांना सर्वांत वाईट.

थंडीत झाड मरते कसे, हेही पाहायला हवे. पेशीच्या आतल्या पाण्याचा बर्फ झाला की पेशी फाटते. ते टळावे म्हणून झाड शरद ऋतूत तयारी करते. दिवस लहान होतात, रात्री गार होतात, तशी वाढ थांबते. साठवलेल्या पिष्टाची साखर होते, पेशीतले काही पाणी बाहेरच्या पोकळ्यांत जाते आणि बर्फ झालाच तर तो तिथे होतो. आत उरलेला दाट रस सहजासहजी गोठत नाही. काडी निबर होते. ही तयारी व्हायला काही आठवडे लागतात आणि ती मोडायला मात्र काही उबदार दिवस पुरतात. जानेवारीत चार दिवस ऊन पडले, डोळे फुगू लागले आणि पाचव्या रात्री पारा पुन्हा कोसळला, तर सलग कडाक्यात टिकून राहिलेले झाड तेव्हा मरते. माती गोठून फुगते, वितळून बसते, पुन्हा फुगते. या हालचालीत मुळ्या तुटतात, नवी रोपे जमिनीतून वर उचलली जातात. शिवाय गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नसताना कोरडा वारा काडीतला ओलावा ओढून घेतो. थंडीहून चढउतार आणि कोरडेपणा अधिक घातक, असा याचा अर्थ.

बहुतेक आजच्या गुलाबांना ही सगळी राखण का लागते, याचे उत्तर त्यांच्या घराण्यात आहे. युरोपातले जुने गुलाब बहुतांशी वर्षातून एकदाच फुलणारे आणि थंडीला काटक होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले गुलाब तिथे पोहोचले. ते पुन्हा पुन्हा फुलत आणि सौम्य हवेत वाढलेले होते. दोन्ही घराण्यांच्या संकरातून पुढे ‘हायब्रिड टी’ हा वर्ग आला. फ्रान्समधल्या गियो यांची १८६७ मधली ‘ला फ्रान्स’ ही जात त्याची पहिली मानली जाते. फुलदाणीतला लांब दांड्याचा, एकेरी कळीचा गुलाब याच वर्गातला. सतत फुलण्याचे रहस्यही आता उलगडले आहे. एकदाच फुलणाऱ्या गुलाबात फुलणे आवरून धरणारे एक जनुक असते. चिनी गुलाबात त्या जनुकात मध्येच एक तुकडा घुसल्याने ते निकामी झाले आहे, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. चिनी पूर्वजांकडून बाराही महिने फुलण्याची हौस आली, तशी थंडीची नाजूक प्रकृतीही आली. साधारण उणे दहा-बारा अंशांखाली उघड्यावरच्या हायब्रिड टीच्या काड्या मरू लागतात. मिनेसोटात थंडीच्या लाटेत पारा उणे पंचवीसच्याही खाली जातो.

म्हणून तिथली राखण उन्हाळ्याच्या शेवटीच सुरू होते. पहिल्या कडक थंडीच्या सहा आठवडे आधी नत्रयुक्त खत बंद करतात, कारण कोवळी फूट निबर व्हायला वेळ मिळत नाही. वाळलेली फुले तोडणे थांबवतात आणि झाडाला फळ धरू देतात. फळ धरलेले झाड नवी कळी काढण्याच्या मागे लागत नाही. जमीन गोठण्याआधी एकदा भरपूर पाणी देतात. दोन-तीन वेळा चांगले हिमकण पडले, पाने झडली, की मग बुंध्याभोवती २५ ते ३० सेंटिमीटर उंच मातीचा ढीग घालतात. ही माती दुसरीकडून आणायची. वाफ्यातलीच ओढली तर मुळ्या उघड्या पडतात. ढिगाने मुख्यतः डोळा भरल्याचा सांधा झाकायचा असतो. बाजारातला बहुतेक गुलाब डोळा भरलेला असतो: खाली एका जातीचा काटक खुंट, वर दुसऱ्या जातीचे फूल. वरच्या काड्या मेल्या तरी सांधा जिवंत असेल तर झाड पुन्हा फुटते. सांधा मेला तर वसंतात खुंटच फुटतो. अमेरिकेत ‘डॉ. ह्यूई’ या जातीचा खुंट फार वापरला गेला, त्यामुळे पिवळा गुलाब लावलेल्या घरात एखाद्या वर्षी अचानक गडद लाल फुले दिसतात. झाड जगले, पण गुलाब गेला.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या मराठी घरांतही अंगणातला गुलाब असतो आणि पहिल्या हिवाळ्यात त्याच्यावर माया होते ती आपल्या पद्धतीने. झाडाला प्लास्टिक गुंडाळले जाते किंवा कुंडी उचलून गरम दिवाणखान्यात आणली जाते. प्लास्टिकच्या आत दुपारच्या उन्हाने उन्हाळा होतो आणि रात्री पुन्हा हिवाळा; टाळायचा होता तोच चढउतार आपण वाढवतो. दिवाणखान्यात झाड झोपतच नाही. कमी उजेडात लांबट, फिकट फूट काढते आणि दमते. कुंडीसाठी योग्य जागा म्हणजे गरम न केलेले गॅरेज: काळोख, गारवा आणि महिन्यातून एकदा थोडेसे पाणी. झाड गोठणार नाही इतके राखायचे आणि जागे होणार नाही इतके गार ठेवायचे. आणि वसंतात पांघरूण काढायची घाई करायची नाही, ते टप्प्याटप्प्याने काढायचे.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात थंडी पडतच नाही असे नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर डिसेंबर २०१८ मध्ये किमान तापमान दोन अंशांखाली नोंदले गेले. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतातच. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा मोजणीच्या उंचीवरल्या हवेपेक्षा आणखी गार असते. आपला गुलाब तेव्हा झोपलेला नसतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो भर फुटीत आणि कळीत असतो. त्यामुळे मिनेसोटात नोव्हेंबरमध्ये निबर झाड जे उणे पाच सहज सोसते, त्याच्या कितीतरी अलीकडे आपली कोवळी फूट करपू शकते. द्राक्षबागाईतदार अशा रात्री शेकोट्या पेटवतात आणि बागेला पाणी देतात. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सोडते. गुलाबालाही तेच लागू. आपल्या हिवाळ्यात गुलाबाचा नेहमीचा शत्रू मात्र भुरी. कोरडे दिवस आणि गार, दमट रात्री तिला मानवतात. मावळातल्या हरितगृहांत व्हॅलेंटाइन दिनासाठी गुलाब पिकवणाऱ्यांना पडदे कधी उघडायचे आणि कधी पाडायचे याचा हिशेब म्हणून रोज करावा लागतो.

पण आपली मूळ अडचण थंडी नसून झोपेचा अभाव ही आहे, आणि तिच्यावरचा उपाय मराठी शेतकऱ्याला गुलाबाआधीपासून ठाऊक आहे. त्याचा शब्द ‘ताण’. विदर्भातला संत्रा बागाईतदार आंब्या बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतो, मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये. झाड थांबते, साठा करते आणि पाणी मिळताच बहरते. नाशिकचा द्राक्षवाला वेलीला वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. थंड देशांत त्याच वेलीला हिवाळ्यानंतरची एकच मुख्य छाटणी पुरते. बर्फ जे काम करतो ते आपण कोरडेपणाने आणि कात्रीने करून घेतो. गुलाबाचे ‘विंटरिंग’ याच जातकुळीचे. त्यानंतरच्या छाटणीपासून साधारण ४५ दिवसांनी फुले येतात, म्हणून दिवाळीच्या आसपास छाटलेला गुलाब डिसेंबरात सर्वांत मोठे आणि सर्वांत रंगदार फूल देतो.

हा उपाय सगळीकडे सारखा चालत नाही. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत मुळ्या उघड्या करण्याचा उपयोग होतो. हलक्या, वालुकामय जमिनीत ती मुळ्यांना इजाच ठरते, तिथे पाणी कमी करणे पुरे. मी राहतो त्या द्रोणागिरीत, उरणच्या खाडीकाठी, हिवाळ्याची रात्र क्वचितच खरी गार होते. मुंबईचा सांताक्रूझचा नीचांकच ७.४ अंशांचा आहे, २२ जानेवारी १९६२ चा. इथे गुलाबाचा कसोटीचा काळ पावसाळा. चार महिने ओली पाने, काळे ठिपके, शेंड्याकडून खाली उतरणारी मर. थंड मुलखात सांधा जमिनीखाली दोन-तीन इंच पुरतात, इथे तो तितकाच वर ठेवतात, नाहीतर कुजतो. दोन्हीकडे राखायचा सांधाच. फक्त एकीकडे माती त्याची रक्षक आणि दुसरीकडे वैरी.

सगळ्यात टिकाऊ राखण कुदळीने होत नाही, जातीच्या निवडीने होते. कॅनडात ओटावा येथे फेलिसितास स्वेजदा यांनी काटक रानगुलाबांच्या संकरातून कमी राखणीवर हिवाळा काढणाऱ्या जाती घडवल्या. ‘मार्टिन फ्रोबिशर’ ही १९६८ ची. संशोधक प्रवाशांच्या नावांची ही मालिका ‘एक्सप्लोरर’ म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कोडाईकनालच्या एम. एस. विराराघवन यांनी उलट्या टोकाचा प्रश्न घेतला. उष्ण, दमट हवेसाठी त्यांनी मणिपुरात आढळणारा ‘रोझा जायजँटिया’ आणि पाणथळ जागी तग धरणारा ‘रोझा क्लिनोफिला’ हे भारतीय रानगुलाब संकरात वापरले. गहू संशोधनात नाव असलेले आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बी. पी. पाल यांनीही इथल्या हवेत फुलतील अशा अनेक गुलाबजाती निर्माण केल्या. दुसऱ्याच्या हवेसाठी घडलेला गुलाब आणून त्याला आयुष्यभर पांघरुणे घालण्यापेक्षा आपल्या हवेचा गुलाब शोधणे शहाणपणाचे.

हे आज अधिक निकडीचे आहे, कारण हवा दोन्हीकडे आपले वेळापत्रक मोडते आहे. उत्तरेत हिवाळ्याच्या मध्येच उबदार दिवस येतात, झाड अवेळी जागे होते आणि पुढच्या कडाक्यात सापडते. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबर ओलांडतो, नोव्हेंबरात अवकाळी येतो. पाणी तोडून ताण द्यावा तर वरूनच पाणी. मग जुना पंचांगी हिशेब, हस्त सरला की मुळ्या उघडायच्या, पुरत नाही. जमीन खरोखर वाळली का, पुढचे दहा दिवस कोरडे आहेत का, हे पाहून छाटणी पुढे-मागे करावी लागते. तिथल्या बागाईतदारालाही तारीख सोडून मातीच पाहावी लागते: गोठली का, वितळली का. या दिवाळीत ज्यांच्या दारात गुलाब आहे त्यांनी कात्री उचलण्याआधी बुंध्याजवळची मूठभर माती हातात घेऊन दाबावी. तिचा गोळा झाला तर झाड अजून जागे आहे. त्याला आणखी आठवडाभर कोरडे राहू द्यावे.