समुद्रतळातून आलेली वीज

कोंढ्यासारख्या गावात वीज खांबांवरील उघड्या तारांतून येते. तारांभोवतीची हवाच तेथे विसंवाहकाचे काम करते. पण मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर वीज न्यायची कशी? खारे पाणी तर विजेचे वाहक! उघडी तार त्यात सोडली, तर वीज पाण्यातच पसरेल. म्हणून विसंवाहक आवरणाची, वरून पोलादी चिलखत चढवलेली सुमारे ७.५ किलोमीटर लांबीची केबल समुद्रतळातून टाकण्यात आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर ही गावे उजळली. तोपर्यंत तेथे संध्याकाळी जनरेटर तीनेक तास चाले; दिव्याखाली अभ्यास उरकायचा तो तेवढ्यातच! आता सांगा पाहू, आपल्याकडे तार आणि खांब यांच्यामध्ये चिनी मातीच्या चकत्या कशासाठी बसवतात?