उसन्या बिल्डवर किती खेळणार?

लीग ऑफ लेजंड्स किंवा डोटा 2 खेळणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, "हाच आयटम का घेतलास?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "गाइडमध्ये आहे." किंवा एखाद्या मोठ्या खेळाडूचं नाव घेऊन, "तो हेच घेतो." तो घेतो हे खरं; पण त्याच्यासमोर कोण होतं आणि तुमच्यासमोर कोण आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

ज्यांच्या घरात हे खेळ चालतात पण ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, अशा पालकांसाठी आधी थोडं. पाच विरुद्ध पाच असा सामना असतो. प्रत्येकजण एक पात्र निवडतो. शत्रूचे शिपाई आणि खेळाडू मारले की गोल्ड मिळतं आणि त्या गोल्डमधून सामन्यातल्याच दुकानातून तलवार, चिलखत, बूट असे आयटम घ्यायचे असतात. लीगमध्ये मुख्य खण सहाच. काय घ्यायचं आणि कोणत्या क्रमाने, या आखणीला बिल्ड म्हणतात. सामना संपला की गोल्डही संपलं, पुढचा सामना पुन्हा पहिल्यापासून. हे गोल्ड खऱ्या पैशाने विकत मिळत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यानेही पैसे लावून खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स हे दोन वेगळे मानले. पहिल्यांवर बंदी घातली, दुसऱ्यांना मान्यता दिली. तेव्हा पोरगं 'तीन हजार गोल्ड गेलं' म्हणून कपाळावर हात मारत असेल तर घाबरू नका.

गाइडला मी वाईट म्हणत नाही. या खेळांची सुरुवात 2003 च्या सुमारास वॉरक्राफ्ट 3 या खेळावर हौशी लोकांनी बनवलेल्या एका नकाशातून झाली. तेव्हापासून आयटमची यादी इतकी वाढली, की नवख्याला बोट धरणारं कुणीतरी हवंच. डोटा 2 मध्ये तोर्त द लिनी या नावाने लिहिणाऱ्या एका माणसाच्या गाइडवर जगभरचे खेळाडू शिकले. पण असं गाइड सरासरी सामन्यासाठी लिहिलेलं असतं, आणि सरासरी सामना कुणाच्याच वाट्याला येत नाही.

आमच्या शेजारचा एक मुलगा गोंदियाला कॉलेजात शिकतो, तिरोड्याहून गाडीने जाऊन-येऊन करतो. रात्री जेवणं झाली की त्याच्या पीसीवर लीग सुरू. एकदा मी मागे उभा राहून पाहत होतो. पात्र होतं मॅल्फाइट, दगडाचा धिप्पाड टँक, म्हणजे पुढे राहून मार सोसणारा. गाइडनुसार त्याने आर्मर घेतलं, मग अजून आर्मर. आणि मरत राहिला. लीगमध्ये मेल्यावर पडद्यावर हिशोब येतो: कुणी किती मारलं, आणि त्यात शारीरिक मार किती, जादूचा किती. त्याच्या पडद्यावर जवळजवळ सगळा मार जादूचा होता. समोरच्या पाचांत तिघे जादूगार होते, आणि आर्मर जादू अडवत नाही. त्यासाठी मॅजिक रेझिस्ट लागतो. मी म्हटलं, "अरे, हा हिशोब तरी वाच." तो म्हणाला, "पण काका, गाइडमध्ये तर हेच दिलं आहे न जी!"

बिल्ड आखण्याची पहिली पायरी हीच. मला कोण मारतंय आणि कशाने मारतंय? याचा अर्धा अंदाज तर सामना सुरू होण्याआधीच, समोरची पाच पात्रं दिसताच येतो. उरलेला मेल्यावरच्या त्या हिशोबातून. त्या पडद्याकडे न बघता मोबाइल उचलणारे खेळाडू मला कळतच नाहीत. खेळ स्वतःहून उत्तरपत्रिका तपासून देतोय, आणि हे इन्स्टाग्रामवर.

आता थोडं गणित, कारण बिल्ड म्हणजे शेवटी गणितच आहे. लीगमध्ये 100 आर्मर असेल तर शारीरिक मार निम्मा बसतो. 200 असेल तर एक तृतीयांश. यावरून पुष्कळांचा समज होतो, की दुसऱ्या 100 आर्मरचा उपयोग कमी. तसं नाही. तुमचं हेल्थ 2000 असेल, तर 100 आर्मरवर तुम्हाला पाडायला 4000 चा मार लागतो आणि 200 वर 6000 चा. दोन्ही वेळा भर तेवढीच, 2000 ची. टक्केवारी फसवते; किती मार पचतो ते मोजा.

हाच हिशोब खरेदीला लावू. रुबी क्रिस्टल 400 गोल्डला 150 हेल्थ देतो. क्लॉथ आर्मर 300 ला 15 आर्मर, म्हणजे 400 गोल्डमागे 20 आर्मर पडतं. समजा तुमचं हेल्थ 2000 आणि आर्मर 50 आहे. आज तुम्ही 3000 चा शारीरिक मार पचवता. हेल्थ वाढवलं तर 3225 पचवाल, आर्मर वाढवलं तर 3400. आर्मर जिंकलं. पण समोर जादूगार असतील तर त्याच आर्मरचा लाभ शून्य, आणि हेल्थ मात्र तिथेही कामी येतं. एकाच दुकानातला तोच माल, समोरचा बदलला की भाव बदलतो. (हे आकडे पॅचागणिक, म्हणजे खेळाच्या प्रत्येक सुधारित आवृत्तीगणिक, थोडेफार हलतात, म्हणून आकडे पाठ करू नका, रीत शिका.)

मार देणाऱ्या पात्रांची गोष्ट जराशी वेगळी. एका फटक्याचा जोर आणि सेकंदाला पडणारे फटके यांचा गुणाकार म्हणजे तुमचा मार. गुणाकाराचा गुण आपल्याकडच्या धानाच्या बांधीत दिसतो. 100 मीटर धुऱ्यात 40 बाय 10 ची बांधी काढली तर 400 चौरस मीटर जमीन मिळते, 25 बाय 25 ची काढली तर 625. एकच बाजू वाढवत गेलात तर धुरा तेवढाच, धान कमी. म्हणून फक्त जोराचे आयटम रचत जाणारा खेळाडू एका टप्प्यानंतर गोल्ड वाया घालवत असतो. वेग आणि क्रिट (मधूनच जास्त जोराने बसणारा फटका) मागे पडलेले असतात.

इतकं कळलं की पोरं लगेच सहा आयटमची सुंदर यादी करतात. इथेच दुसरी गफलत होते. सहाच्या सहा खण भरेपर्यंत बरेच सामने संपलेले असतात. सामना ठरतो पहिल्या दोन-तीन आयटमवर, आणि ते हातात कधी येतात यावर. बिल्ड म्हणजे यादी नव्हे, वेळापत्रक आहे.

वेळ कशी काढायची? लीगमध्ये शिपायांची लाट येते, साधारण अर्ध्या मिनिटाला एक. साध्या लाटेत तीन पुढचे आणि तीन मागचे शिपाई. पुढच्याला 21 आणि मागच्याला 14 गोल्ड असा भाव वर्षानुवर्षं चालत आला आहे, म्हणजे लाटेमागे 105. गोल्ड मिळतं ते शेवटचा फटका तुमचा असेल तरच. तोफवाले शिपाई, खेळाडू मारल्याचं बक्षीस आणि आपोआप येणारं गोल्ड बाजूला ठेवलं, तरी 3000 चा आयटम नुसत्या लाटांवर घ्यायचा तर 14-15 मिनिटं लागतात. लाटेतले एक पुढचा, एक मागचा असे दोन शिपाई सुटत गेले, तर 21 मिनिटं. चांगला बिल्ड सात मिनिटं उशिरा आला, तर तो चांगला राहत नाही. ज्याला शेवटचा फटका साधत नाही, त्याने आधी ते शिकावं. आयटमची चर्चा नंतर.

अजून एक बारीक गोष्ट, जी गाइडमध्ये क्वचितच लिहिलेली असते. मोठा आयटम सुट्या भागांतून बनतो. काहींचे भाग लहान: लाँग सॉर्ड 350 ला मिळते. काहींच्या पोटात बी. एफ. सॉर्डसारखा एकच जड भाग, 1300 चा. तुम्ही 1250 गोल्ड घेऊन तळावर परतलात आणि तुम्हाला बी. एफ. सॉर्डच हवी असेल, तर तुम्ही रिकाम्या हाताने परत जाल, आणि समोरचा तीन लाँग सॉर्ड घेऊन तुमच्यावर येईल. म्हणून मार खात असाल, वारंवार मागे फिरावं लागत असेल, तर लहान भागांचा आयटम आधी. लेन, म्हणजे शिपाई येतात ती तुमची वाट, हातात असेल तरच जड भागाची हौस.

काही आयटम मात्र कुठल्याच गुणाकारात बसत नाहीत. डोटातला ब्लिंक डॅगर ना जोर देतो ना हेल्थ. तो फक्त तुम्हाला क्षणात दुसरीकडे नेऊन ठेवतो. पण योग्य मिनिटाला आलेला ब्लिंक अख्खी लढाई फिरवतो. ब्लॅक किंग बार काही सेकंद शत्रूच्या बहुतेक जादूपासून वाचवतो, आणि वापरागणिक ते सेकंद घटतात, म्हणून तो कधी वापरायचा हाही बिल्डचाच भाग. लीगमध्ये समोरचा सतत हील करून उठत असेल, तर 800 गोल्डचा एक छोटा भाग त्याचं हीलिंग 40 टक्के कमी करतो. पाचांपैकी कुणीच तो घेत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा घेईल.

समोरचा बघून बिल्ड कसा बदलायचा, ते मोठ्या स्पर्धांत दिसतं. एप्रिल 2019 मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वनची डोटा 2 स्पर्धा झाली. असे सामने बघताना किल मोजण्यापेक्षा, एकच खेळाडू दोन सामन्यांत कोणता आयटम बदलतो ते पाहावं. ऑगस्ट 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत मोइन एजाझच्या नेतृत्वाखाली भारताच्या डोटा 2 संघाने न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक घेतलं. त्या पातळीवर पाठ केलेला बिल्ड चालत नाही, कारण समोरच्यालाही तो पाठ असतो.

तिरोड्यात पीसीपेक्षा फोनवर खेळणारेच जास्त, हे मला ठाऊक आहे. फोनवरचं याच धर्तीचं मोबाइल लेजंड्स जून 2020 मध्ये सरकारने घातलेल्या 59 ॲपच्या बंदीत गेलं. पोकेमॉन युनाइटमध्ये तीन आयटम सामन्याआधीच ठरवून जावं लागतं. तिथे चूक झाली तर मधे सुधारता येत नाही. बीजीएमआय या गोळीबाराच्या खेळात बिल्ड बॅगेत असतो. गोळ्या किती, स्मोक किती, फर्स्ट एड किती, हा बिल्डच. 8x स्कोपचा मोह धरून स्मोक फेकून देणाऱ्यांना शेवटच्या सर्कलमध्ये उघड्या मैदानात पळताना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

सरावासाठी लीगमध्ये प्रॅक्टिस टूल आहे, डोटात डेमो हीरो. तिथे हवं तेवढं गोल्ड घेऊन पुतळ्यावर दोन बिल्ड तपासता येतात, रँक न गमावता. आणि गाइड फेकून देऊ नका. त्यातला एकच आयटम बदला, का बदलला ते एका ओळीत वहीत लिहा, आणि सामना संपल्यावर ती ओळ खरी ठरली का ते पाहा. एका वेळी एकच. तीन बदललेत तर हरलो कशाने आणि जिंकलो कशाने, काहीच कळणार नाही.