सहावी ते आठवीच्या वर्गात विद्यापीठ

चोरखमाऱ्याचा तलाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्याच्या या भागात विज्ञान शिकवायला लागणारे साहित्य शाळेच्या आसपासच सापडते: रोवणीच्या दिवसांतली बांधी (धानाचे खाचर), वाफ्यातले परे (रोपे), बोडीतले (छोट्या तळ्यातले) मासे. या जिल्ह्यात तर धानाच्या शेतात सारसही उतरतो. तरीही अन्नसाखळी बहुधा फळ्यावरच्या बाणांतूनच मुलांपर्यंत पोहोचते. यात दोष शिक्षकाचा नाही. डोळ्यांसमोरच्या गोष्टीतून प्रश्न कसा उभा करायचा, हे त्याला फारसे कुणी शिकवलेलेच नसते. प्रशिक्षण झाले तरी ते तालुक्याच्या सभागृहात होते आणि तिथेच संपते.

विद्यापीठातल्या आणि संशोधन संस्थांतल्या माणसांनी हे काम निराळ्या पद्धतीने करून पाहिले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी त्याच दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शिक्षकांबरोबर काम करू लागले. मुलांना विज्ञान कठीण जाते त्यात पाठ्यपुस्तकाच्या भाषेचा वाटा मोठा असतो, हा मुद्दा या केंद्राने लावून धरला. घरी पोवारी, गोंडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलांच्या जिल्ह्यात तो आजही तितकाच लागू आहे.

सगळ्यात मोठा प्रयोग मात्र शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. 1972 मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा संस्थेतली नोकरी सोडून तिथे गेले होते. पुढे दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक या कामात उतरले. उन्हाळ्यातल्या लांब शिबिरांत शिक्षक स्वतः प्रयोग करत, चुकत, भांडत. शिबिर संपल्यावरही प्राध्यापकांचे काम संपत नसे. दर महिन्याला शिक्षकांची गोष्ठी, म्हणजे चर्चेची बैठक, भरे आणि वर्गात जाऊन पाहणी होई. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, हे ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांच्या नव्या आवृत्तीपर्यंत पोहोचे. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती. माझ्या मते या साऱ्या उपक्रमाचे मर्म मासिक गोष्ठीत होते. तिथे गावचा गुरुजी प्राध्यापकाला अडवू शके, आणि त्यातूनच काही शिक्षक पुढे इतरांचे मार्गदर्शक झाले. 2002 मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. मला हे मोठे नुकसान वाटते.

पुण्यात टेल्कोमध्ये काम करणारे अरविंद गुप्ता 1978 मध्ये होशंगाबादला जाऊन आले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृती बनवणे त्यांनी तिथेच सुरू केले. पुढे ‘आयुका’ या आंतरविद्यापीठीय केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी ही खेळणी आणखी पुष्कळ मुलांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत नेली.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचे स्वतंत्र शिक्षक आवश्यक मानले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. पण हे तास सभागृहात भरले जाणार की वर्गात, यावर सगळे अवलंबून आहे.

गोंदियाला धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आहे आणि आसपासच्या शाळांच्या गटाची, म्हणजे केंद्राची, शिक्षण परिषद ही बैठकही ठरलेली आहे. प्राणिशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाने तिरोड्याकडचे एक केंद्र निवडावे, महिन्यातून एकदा परिषदेला बसावे आणि त्याच आठवड्यात एका शिक्षकाचा तास मागच्या बाकावरून पाहावा. तळ्याकाठचा धडा दोघांनी मिळून रचावा, फसला तर पुढच्या महिन्यात बदलावा. महाविद्यालयाने मात्र हा वेळ त्या प्राध्यापकाच्या अध्यापनाच्या कार्यभारात धरला पाहिजे. रजा टाकून आणि स्वतःच्या पेट्रोलवर हे काम दोन वर्षेही टिकणार नाही.