हप्ता नको, जुना संगणक चालेल



बोनसचे पैसे हाती पडले की आपल्या वस्त्यांमधून हप्त्यावर वस्तू घेण्याची लाट येते. मोठा टीव्ही आणि त्याच्या जोडीला पाच-सहा स्पीकरांचा संच घेतला की घरात ‘होम थिएटर’ आले, असे समजले जाते. कष्टकरी माणसाने करमणूक करूच नये, असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नव्हेत. आमचे म्हणणे एवढेच, की करमणुकीसाठी कर्ज काढू नये.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य घालवणाऱ्या आमच्यासारख्याला हा अर्थसंकल्प फार पटतो. दुकानावर ‘बिनव्याजी हप्ता’ अशी पाटी असली तरी रोखीची सूट किती बुडते आणि प्रक्रिया शुल्क किती लागते, ते विचारून कागदावर मांडावे. मग खरी किंमत कळते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. घरात फक्त गाणी आणि मालिका पाहायच्या असतील तर संगणक घेऊ नका. टीव्हीच्या मागे खोचायची छोटी स्टिक तेवढे काम स्वस्तात करते. परंतु मुलीला महाविद्यालयाचे काम आहे, मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे, कोणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत आहे आणि रात्री सर्वांना मिळून चित्रपटही पाहायचा आहे, अशा घरी टीव्हीला जोडलेला एकच संगणक दोन्ही कामे करतो. उपभोगाचा आणि कामधंद्याचा भाग एकाच वस्तूत बसतो.

कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले संगणक दुरुस्त करून विकले जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशी दुकाने आहेत. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या जवळजवळ सर्व संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे कार्यालयांनी चांगली चालू यंत्रेही मोडीत काढली. त्यांचे टाकाऊ ते आपल्याला टिकाऊ ठरू शकते. त्यावर लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाकता येते आणि तिच्यात मराठीही लिहिता येते. विंडोजच हवी असेल तर आठव्या पिढीचा संगणक शोधावा.

पिढी ओळखणे सोपे आहे. आय-फाइव्ह ७५०० या नावातला पहिला आकडा सात, म्हणजे सातवी पिढी. ८५०० असेल तर आठवी. सातव्या पिढीच्या खाली जाऊ नये, असे आम्ही सांगतो. आजचे बरेच चित्रपट एचईव्हीसी किंवा व्हीपी-नाइन या पद्धतीने दाबून लहान केलेले असतात. ते उलगडण्याची पूर्ण सोय चिपमध्येच सातव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या यंत्रात हा भार बरेचदा मुख्य प्रोसेसरवर पडतो, पंखा घरघरतो आणि चित्र अडखळते. चित्रपटासाठी वेगळे ग्राफिक कार्ड घेण्याची गरज नाही.

समजा, कुटुंबाने १५,००० रुपये ठरवले. त्यातले १०,००० संगणकाला, ३,००० आवाजाला आणि उरलेले २,००० वायर, कीबोर्ड व दुरुस्तीसाठी राखावेत. भाव दुकानागणिक बदलतो, म्हणून तीन ठिकाणी विचारावे. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरेशी आहे. जुनी हार्ड डिस्क असेल तर साठवणीला जोडावी. एका चित्रपटाला ३ जीबी धरले तर १ टीबीमध्ये सुमारे तीनशे मावतात.

एचडीएमआयच्या एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीत जातात. कार्यालयीन यंत्राला बरेचदा डिस्प्लेपोर्ट असतो, तेव्हा त्याला जोडायचा अॅडॉप्टर लक्षात ठेवून घ्यावा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा स्पीकरांची काहीच गरज नाही. पातळ टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, म्हणून संवाद नीट ऐकू येत नाहीत. टीव्हीच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, दोन साधे स्पीकर ठेवले की शब्द न् शब्द कळतो. शेजाऱ्यांनाही त्रास होत नाही.

दुकानात यंत्र अर्धा तास चालवून पाहावे, पंख्याचा आवाज ऐकावा आणि वॉरंटी लिहिलेले बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अगदी छोट्या पेटीचा वीजपुरवठ्याचा भाग नेहमीच्या मापाचा नसतो. तो बिघडला तर मिळेल का, हेही विचारावे. विजेची धास्ती नको. ५० वॅटचे यंत्र रोज तीन तास चालले तर महिन्याला साडेचार युनिट होतात.

कोडी आणि व्हीएलसी हे चित्रपट दाखवणारे प्रोग्रॅम फुकट आहेत. मात्र ‘सगळे पिक्चर भरून देतो’ असे दुकानदार म्हणाला तर नकार द्यावा. न दिलेले घेऊ नये, हे आपले दुसरे शील आहे.

आणि पाहण्यासारखे पुष्कळ आहे. डॉ. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा २००० सालचा चित्रपट, श्याम बेनेगल यांची २०१४ सालची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे इंग्रजी खंडही संगणकावर मोफत वाचता येतात. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची पाने पडद्यावर मोठी केली, तर नजर अधू झालेल्या आजीलाही ओळीवर ओळ वाचता येईल.

तेव्हा खरेदीपूर्वी घरात सर्वांनी एकत्र बसावे. घरच्या बाईचे मत आधी घ्यावे, कारण महिनाअखेर तीच निभावते. कीबोर्ड मुलाच्या हाती जितका वेळ, तितकाच मुलीच्याही हाती राहील, हेही त्याच बैठकीत ठरवावे. ज्यांना यंत्र निवडता येत नसेल त्यांनी वस्तीतल्या जाणत्या तरुणाला बरोबर न्यावे, आणि त्या तरुणांनीही समाजाचे काम समजून एक रविवार द्यावा.

जयभीम! नमो बुद्धाय!