नेली हत्तिणीची लय

बाहेर कोणतेही वाद्य वाजत नसताना आणि आठवण्याचा कसलाही प्रयत्न केलेला नसताना एखाद्या गाण्याचा तुकडा मनात पुनःपुन्हा वाजू लागतो, या अनुभवाला मानसशास्त्रात ‘अनैच्छिक सांगीतिक प्रतिमा’ असे भारदस्त नाव असले, तरी जर्मन भाषेने त्याला ‘कानातला किडा’ या अर्थाचा जो शब्द दिला, तोच सर्वत्र रुजला. ब्रिटनमधील आजच्या वडीलधाऱ्या पिढीच्या कानांत असे किडे सोडण्याचे काम प्रेमगीतांइतकेच विनोदी गाण्यांनीही केले आहे. चिखलात लोळणाऱ्या पाणघोड्यावरचे मायकल फ्लँडर्स आणि डोनल्ड स्वान यांचे गाणे, एक अवजड वस्तू हलवता हलवता घराचीच मोडतोड करणाऱ्या हमालांचे बर्नार्ड क्रिबिन्स यांनी १९६२ साली गायिलेले गाणे, आणि या सर्वांहून चिवट असे ‘नेली द एलिफंट’ ही त्यांतील ठळक उदाहरणे होत.

राल्फ बटलर आणि पीटर हार्ट यांनी रचलेले हे गाणे १९५६ साली मँडी मिलर या जेमतेम बारा वर्षांच्या अभिनेत्रीने गायिले. चार वर्षांपूर्वी एका चित्रपटात कर्णबधिर मुलीची भूमिका करून प्रसिद्धीस आलेल्या मुलीचा आवाज पुढे साऱ्या देशाच्या कानात घर करून बसावा, हा योगायोग मौजेचा म्हणावा लागेल. गाण्यातील सर्कस मुंबईत आलेली आहे, तिच्यातील हुशार हत्तीण आपल्या कळपाच्या म्होरक्याची हाक ऐकून रात्री साखळी सोडवून निघते, आणि त्या दोघांची भेट होते ती मंडालेच्या रस्त्यावर. लोकमान्य टिळकांच्या कारावासामुळे मंडाले म्हणजे किती दूर याची कल्पना मराठी वाचकाला असतेच. गीतकाराने मात्र नकाशा उघडण्याऐवजी किपलिंगच्या कवितेने इंग्रजांच्या जिभेवर बसवलेले गावाचे नाव उचलले असावे, असे दिसते.

अशा चाली मनातून का जात नाहीत, याचे एक उत्तर केली जाकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. सुमारे तीन हजार लोकांनी कळवलेल्या ‘कानकिड्यां’पैकी शंभर गाणी निवडून त्यांनी त्यांची तुलना तितक्याच लोकप्रिय, परंतु कोणाच्याही मनात न अडकलेल्या शंभर गाण्यांशी केली, तेव्हा अडकणारी गाणी सरासरीने अधिक जलद असल्याचे, त्यांच्या चालीचा चढउतार कानाला आधीच परिचित अशा वळणाचा असल्याचे, आणि त्या परिचित वळणात कोठेतरी एखादी अनपेक्षित उडी किंवा नेहमीपेक्षा जास्त पुनरावृत्ती असल्याचे आढळले. या निष्कर्षाचे वृत्तपत्रांनी लगोलग ‘चिकट गाण्याचे सूत्र’ करून टाकले. वस्तुतः दोनशे गाण्यांच्या सरासरीतून निघालेली प्रवृत्ती म्हणजे पाककृती नव्हे, आणि तसे सूत्र हाती असते तर ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या गोदामांत न खपलेल्या तबकड्यांचे ढीग साचले नसते.

विनोदी गाण्याच्या बाबतीत मात्र हा निष्कर्ष विशेष बोलका ठरतो, कारण त्याच्या रचनाकाराला या गोष्टी धंद्याची गरज म्हणून आधीपासूनच कराव्या लागतात. श्रोत्याने चालीकडे लक्ष देता देता शब्द निसटू दिला तर विनोद वाया जातो, म्हणून चाल पहिल्या ऐकण्यातच ओळखीची वाटेल अशी साधी ठेवावी लागते. आणि हशा नेमक्या क्षणी यावा म्हणून त्याच जागी ती थोडी अडवावी किंवा उडवावी लागते. नेलीच्या ध्रुवपदात हत्तिणीच्या चीत्काराचे अनुकरण करणारा एकच शब्द ओळीने तीनदा येतो, तो याच कारागिरीचा नमुना होय. त्यात यमकाची भर पडते: डेव्हिड रुबिन यांनी मौखिक परंपरांचा अभ्यास करून दाखविल्याप्रमाणे यमक, ठेका आणि अर्थ हे तिन्ही मिळून पुढच्या शब्दाला पर्यायच उरू देत नाहीत, त्यामुळे पाठांतर न करताही ओळ पाठ होते. विनोद दुसऱ्यांदा ऐकताना अर्धा शिळा होतो. चाल मात्र प्रत्येक ऐकण्याबरोबर अधिक घट्ट बसते, आणि बीबीसीच्या ‘चिल्ड्रन्स फेव्हरिट्स’ या मुलांच्या फर्माइशींच्या कार्यक्रमाने ही गाणी पुनःपुन्हा ऐकवण्यात कोणतीच कसर ठेवली नव्हती.

या गाण्यांभोवती दाटणाऱ्या स्मरणरंजनाचाही संगीताशी जुना संबंध आहे. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बासेल येथे, परदेशात राहणाऱ्या स्विस लोकांना जडणाऱ्या घरओढीच्या व्याधीचे नाव म्हणून घडविला. त्याचे श्रेय होफरला मिळते ते योग्यच, परंतु १७१० साली तो प्रबंध पुन्हा छापताना त्यात गुराख्यांची एक चाल स्वरलिपीसह घालणाऱ्या आणि तीच चाल ऐकून सैनिक आजारी पडतात असे मांडणाऱ्या थिओडोर झ्विंगर यांची आठवण क्वचितच काढली जाते, हा अन्याय आहे. सुरामुळे स्मृती उसळते हे निरीक्षण त्यांचे, आणि ते टिकले. व्याधीची कल्पना तेवढी गळून पडली. ही ओढ स्वतःच्याच बालपणापुरती असते असेही नाही, कारण कॅरोल क्रुमहान्सल यांनी २०१३ साली विशीतील विद्यार्थ्यांना गेल्या पाच दशकांतील गाणी ऐकवली, तेव्हा आईवडिलांच्या तरुणपणीच्या गाण्यांशीही त्यांच्या आठवणी जोडलेल्या निघाल्या. नेलीसुद्धा १९८४ साली टॉय डॉल्स या पंक वाद्यवृंदाच्या आरडाओरड्यातून पुढच्या पिढीकडे गेली आणि ब्रिटिश विक्रीयादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचली.

या चिवटपणाचा उपयोग करून घेण्याचा मोह वैद्यकालाही झाला. हृदय बंद पडलेल्या व्यक्तीची छाती दाबण्याचा वेग मिनिटाला शंभर असावा असा त्या काळचा दंडक होता आणि नेलीचा ठेका त्याच्या अगदी जवळचा, म्हणून प्रशिक्षणात हे गाणे मनात म्हणण्यास सांगितले जाई. या सल्ल्याची परीक्षा २००९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात प्रसिद्ध झाली. १३० स्वयंसेवकांपैकी प्रत्येकाने एकदा गाण्याविना, एकदा नेली ऐकत आणि एकदा एक डिस्को गीत ऐकत पुतळ्याची छाती दाबली, तेव्हा मिनिटाला ९५ ते १०५ हा वेग गाण्याविना १२ टक्के प्रयत्नांत साधला, तर नेलीबरोबर तो ३२ टक्के प्रयत्नांत साधला. डिस्को गीताला मात्र ९ टक्क्यांवरच समाधान मानावे लागले. येथवर हत्तिणीचा विजय होता. परंतु पुरेसे खोल न गेलेले दाब गाण्याविना ४७ टक्के असताना नेलीबरोबर ५६ टक्क्यांवर गेले, आणि वेगाइतकीच खोली महत्त्वाची असल्याने संशोधकांनी प्रशिक्षणातून हे गाणे काढून टाकावे अशी शिफारस केली. ठेका हातांना कधी पडायचे ते सांगतो, किती जोराने पडायचे ते सांगत नाही. पुढे मार्गदर्शक सूचना बदलून वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर अशी ठरली. त्यामुळे नेलीचा ठेका आजही नियमात बसतो, सेंटिमीटरांची जबाबदारी मात्र अजून कोणत्याच गाण्याने उचललेली नाही.